संगणकाचे दोन नियम : माणसाचा आणि यंत्राचा



काट्याची पावती, ऊसबिल, कपाती, ठेवी या साऱ्या नोंदी आता संगणकात असतात. पुष्कळदा गट ऑफिसातल्या संगणकात प्रोग्रॅम नसतोच. तो मुख्य सर्व्हरवर चालतो, गट ऑफिसात दिसतो फक्त त्याचा पडदा. याला आभासी अ‍ॅप्लिकेशन म्हणतात. विहीर एक, पाट अनेक, असा हा प्रकार. मग कोणते दार कोणासाठी उघडायचे हे ठरवावेच लागते. या ठरवलेल्या नियमांना पॉलिसी म्हणतात. त्या दोन तऱ्हेच्या.

१) युजर पॉलिसी : हा माणसाचा नियम. काटा क्लार्कने वजन नोंदवावे, पण नोंदलेले बदलू नये. लेखापालाने बिल काढावे, पण वजनाला हात लावू नये. माणूस कुठेही बसला तरी हा नियम त्याच्याबरोबर जातो.

२) कॉम्प्युटर पॉलिसी : हा यंत्राचा नियम. काट्यावरच्या संगणकाला पेनड्राइव्ह चालू नये, यंत्र रिकामे राहिले की पडद्याला कुलूप लागावे. तिथे चेअरमनसाहेब बसले तरी नियम तोच.

दोन नियमांची टक्कर झाली तर? विंडोजमध्ये आधी संगणकाचा स्वतःचा नियम लागतो, मग साइटचा, मग डोमेनचा, शेवटी विभागाचा. साधारणपणे नंतरचा टिकतो. 'लूपबॅक' चालू केले की माणसाचे नियमही यंत्राच्या जागेप्रमाणे लागतात. एकाच सर्व्हरवर अनेकजण काम करतात तिथे हे फार उपयोगी. सिट्रिक्समध्ये पॉलिसीला क्रमांक असतो, 1 नंबरची सर्वांत वरचढ.

याचे महत्त्व पुण्याने पाहिले आहे. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले. 11 तारखेला 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी, भारतात सुमारे अडीच कोटी काढले गेले. 13 तारखेला आणखी सुमारे 14 कोटी हाँगकाँगला वळवले. बँकेच्या मुख्य यंत्रणेला बगल देऊन खोट्या मंजुऱ्या दिल्या गेल्या होत्या. नुसत्या पॉलिसीने असा प्रत्येक चोर थांबेल असे नाही. पण एक किल्ली हाती लागली म्हणून सारी कोठारे उघडू नयेत, एवढे तरी नियमाने साधते.

म्हणून व्यवहारात एवढे पाळावे :

• आधी सगळे बंद, मग कामापुरतेच उघडे.
• नवा नियम प्रथम एकाच संगणकावर तपासावा.
• एका पासवर्डवर दोघांनी काम करू नये.
• हंगामी कामगाराचे काम संपले की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे.
• वजनदुरुस्तीला दोघांची मंजुरी आणि कायमची नोंद असावी.

वार्षिक सभेत आपण साखर उतारा विचारतो, भाव विचारतो. यंदा आणखी एक विचारा : "माझ्या उसाचे वजन संगणकात कोण बदलू शकतो, आणि बदलले तर ते कुणाला दिसते?" उसाचे टन आपले आहेत, तेव्हा हा प्रश्नही आपलाच आहे.