हरित हायड्रोजन आणि वाशिमचे शेतशिवार

मृगाचा पाऊस पडला की वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होते आणि डीएपी खताला मागणी येते. खताच्या या पोत्याचा हायड्रोजन वायूशी निकटचा संबंध आहे. डीएपीतील नत्र अमोनियातून येते आणि अमोनिया हा नत्र व हायड्रोजन यांच्या संयोगाने तयार होतो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यामागे सुमारे २ किलो, तर युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यामागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. केंद्र शासनाच्या हायड्रोजनविषयक धोरणाचा विचार ग्रामीण भागानेही का करावयाचा, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हरित हायड्रोजन म्हणजे काय?

देशातील खत कारखाने हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळवितात. त्यात एक किलो हायड्रोजनमागे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय देशाला लागणारा जवळजवळ निम्मा नैसर्गिक वायू परदेशातून आणावा लागतो. साहजिकच परदेशात भाव भडकले की खतावरील अनुदानाचा बोजा वाढतो.

पाण्यातून वीज सोडल्यास हायड्रोजन व प्राणवायू वेगळे होतात. ही वीज सूर्य, वारा यांसारख्या अक्षय स्रोतांपासूनची असेल, तर त्या हायड्रोजनला ‘हरित’ म्हणतात. एक किलो हायड्रोजनमागे कार्बन उत्सर्जन २ किलोपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये घालून दिली. ही कल्पना देशाला नवी नाही. पंजाबातील नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्याचे विघटन करून १९६० च्या दशकात खतनिर्मिती होत असे.

राष्ट्रीय अभियान

राष्ट्रीय हायड्रोजन अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी दिली. पैकी १७,४९० कोटी रुपये हे पाण्याचे विघटन करणारी यंत्रे देशात बनविण्यासाठी आणि हरित हायड्रोजनच्या उत्पादनासाठी प्रोत्साहन म्हणून आहेत. २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टन उत्पादनाचे व त्यासाठी १,२५,००० मेगावॉट अक्षय वीजक्षमतेचे उद्दिष्ट आहे. खत कारखान्यांसाठी वार्षिक ७ लाख २४ हजार टन हरित अमोनिया खरेदीची प्रक्रिया २०२५ मध्ये राबविण्यात आली. युरियासाठी कार्बन डायऑक्साइडही लागतो व तो नैसर्गिक वायूपासूनच मिळतो. त्यामुळे हरित अमोनियाचा वापर प्रथम डीएपी व मिश्रखतांत सोयीचा ठरतो.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांचे स्वतंत्र राज्य धोरण मंजूर केले.

पाणी थोडे, जमीन फार

वाशिम हा पाणलोटाच्या माथ्यावरील जिल्हा आहे. पैनगंगेचे पाणी गोदावरीच्या, तर काटेपूर्णेचे पाणी तापीच्या खोऱ्यात जाते. अशा जिल्ह्यात पाण्याविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून वर्षाला १,००० टन हायड्रोजन देणाऱ्या एका लहान कारखान्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल.

एक किलो हायड्रोजनसाठी प्रत्यक्ष विघटनास ९ लिटर पाणी लागते. म्हणजे वर्षाला ९० लाख लिटर. हे पाणी ९ हेक्टर शेताला १० सेंटिमीटर खोलीची एक पाळी देण्याइतके होय. शुद्धीकरण व यंत्रे थंड ठेवणे यांसाठी याहून अधिक पाणी लागते. वीज मात्र किलोमागे ५० ते ५५ युनिट, म्हणजे वर्षाला पाच ते साडेपाच कोटी युनिट लागेल. त्यासाठी सुमारे ३५ मेगावॉटचा सौर प्रकल्प हवा. मेगावॉटला चार ते पाच एकर धरल्यास १४० ते १७५ एकर जमीन गुंतेल. तात्पर्य, पाण्याचा प्रश्न प्रामुख्याने उन्हाळ्याचा आहे; जमिनीचा प्रश्न मात्र बारमाही आहे.

ग्रामपंचायतीचे काम

असा प्रकल्प आपल्या शिवारात येवो अथवा न येवो, त्यासाठी वीज पुरविणारा सौर प्रकल्प येऊ शकतो. त्या वेळी ग्रामसभेने काही प्रश्न आधीच विचारले पाहिजेत. जमीन पडीक आहे की पिकाखालची? गुरांच्या चराईचे काय? भाडेपट्टा किती वर्षांचा व भाड्यात वाढ किती? एप्रिल-मे महिन्यांत पाणी कोठून घेणार? राज्य धोरणात प्रकल्पाच्या जमिनीस स्थानिक संस्था करातून सूट आहे. तेव्हा ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाची भरपाई कशी होणार? या प्रश्नांची उत्तरे ठरावात लेखी नमूद होणे गावाच्या हिताचे आहे.

शिक्षकांनाही येथे एक चांगला पाठ उपलब्ध आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. जे काम कारखाना प्रचंड उष्णता व दाब वापरून करतो, ते ही गाठ शेतातच करते. पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियम लावणे आणि माती परीक्षणानुसार खत देणे, हे उपाय आजच हाती आहेत. ज्या खताची गरजच उरली नाही, त्याचा हायड्रोजन कोणालाच तयार करावा लागत नाही. राष्ट्रीय अभियानास वाशिमचा शेतकरी देऊ शकेल असा हा पहिला हातभार होय.