आकाशांतून पाणी कसें मोजतात?



आपल्या आरे वसाहतीशेजारीं विहार व पवई असे दोन तलाव आहेत. विहारचें काम १८६० सालीं पुरें झालें. पवईचा तलाव त्याच शतकाच्या अखेरीस बांधला गेला. तलावांत पाणी किती, हें कांठावरील खुणांची पट्टी पाहून कळतें. परंतु पृथ्वीवरील लक्षावधि जलाशयांच्या कांठीं माणूस कोठून उभा करावा? हें काम आतां कृत्रिम उपग्रह करितात. भूपृष्ठाची पाहणी करणारा लॅण्डसॅट अमेरिकेनें १९७२ सालीं सोडला. आपल्या देशाचा आय्. आर्. एस्. १-ए हा १७ मार्च १९८८ रोजीं आकाशांत गेला.

त्यांची रीत सोपी आहे. सूर्यप्रकाशांत तांबड्या रंगापलीकडे डोळ्यांस न दिसणारे किरण असतात. झाडांचीं पानें ते परतवितात. पाणी ते गिळून टाकितें. म्हणून या किरणांनीं घेतलेल्या चित्रांत आरेचें गवत उजळ व तलाव शाईसारखा काळा दिसतो. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांतील एक चौकोन म्हणजे जमिनीवरील दहा मीटर लांब व तितकीच रुंद जागा. काळे चौकोन एक हजार भरले, तर पाणी एक लक्ष चौरस मीटर, म्हणजे दहा हेक्टर जागेवर आहे.

आषाढांत ढग आडवे आले तर? तेव्हां रडारचे उपग्रह उपयोगीं पडतात. त्यांच्या लहरी ढगांतून पार होतात, आणि संथ पाणी त्यांस आरशाप्रमाणें दुसरीकडे परतवितें. म्हणून तेथें चित्र काळें उमटतें. भारत व अमेरिका यांचा निसार हा असा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटला.

आतां एक अनुभव सांगतों. पावसाळा संपल्यावर एका विद्यार्थ्यानें पवईचे चौकोन मोजले व "तलाव आटला" असें मोठ्या काळजीनें कळविलें. आम्ही कांठीं गेलों. तेथें जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला होता. पाणी त्याखालीं होतें. उपग्रह खोटें बोलला नव्हता. त्यानें पानें पाहिलीं, पानेंच दाखविलीं. मात्र त्या पानांचें पोषण सांडपाण्यानें होतें. विहारचें पाणी मुंबई आजही पिते. पवईचें पिण्यास योग्य नाहीं. तें आरे वसाहतींत येतें, पण इतर कामांसाठीं. विद्यार्थ्याची मोजणी चुकली, काळजी चुकली नाहीं.

तात्पर्य, उपग्रह पाण्याचा विस्तार सांगतो. तळचा गाळ व पाण्याची घाण ओळखण्यास कांठावर जावेंच लागतें. पालकांस विनंति कीं, सुटींत एकदां मुलांस घेऊन तेथें जावें.