शहरांचे दीर्घकालीन पूरनियोजन : मुंबईचा अनुभव

दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत कुलाबा येथील नोंद पाऊणशे मिलिमीटरच्याही आत होती. एकाच शहराच्या दोन भागांतील ही तफावत पाहता, पूरनियोजन शहराच्या सरासरी पावसावर बेतता येत नाही हे उघड आहे.

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, आणि त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल या गृहीतांवर उभी होती. पुढे मोकळी जमीन डांबर व सिमेंटखाली गेली आणि पाणी मुरण्याचे गृहीत कागदावरच राहिले. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरून आणि पाणी मुळीच मुरणार नाही असे मानून फेररचना सुचविली. तथापि त्या कामास खरा वेग आला तो २००५ च्या आपत्तीनंतर. मधल्या बारा वर्षांचे मोल शहराने मोजले.

मुंबईच्या प्रश्नाचे मर्म मात्र भरती-ओहोटीत आहे. पर्जन्यजलवाहिन्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यास पाण्यास वाट उरत नाही; उलट समुद्रच वाहिनीत शिरू पाहतो. यास्तव हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इत्यादी ठिकाणी उदंचन केंद्रे उभारण्यात आली. नाल्यांतील गाळ काढणे अगत्याचे आहेच. परंतु गाळ काढल्याने समुद्र खाली जात नाही, याचे भान पावसाळ्यापूर्वीच्या धांदलीत क्वचितच राहते.

हवामानबदलामुळे या दोन्ही बाजू एकदमच बिघडत आहेत. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. त्यामुळे अल्पावधीत कोसळणारा पाऊस अधिक तीव्र होतो. जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. या शतकाच्या अखेरीस ती आणखी किती वाढेल, याचे अंदाज सुमारे एक फुटापासून एक मीटरपर्यंत आहेत. एवढ्या अनिश्चिततेत एकच आकडा धरून बांधकाम करणे म्हणजे एकतर पैसा वाया घालविणे, नाहीतर लोकांना धोक्यात ठेवणे होय.

या संदर्भात लंडनचे उदाहरण अभ्यसनीय आहे. १९५३ च्या सागरी पुरानंतर तेथे थेम्स नदीवर उघडमीट करता येणारा बंधारा बांधण्यात आला आणि १९८४ मध्ये त्याचे रीतसर उद्घाटन झाले. २०१२ मध्ये मंजूर झालेल्या थेम्स खाडीच्या आराखड्याने मात्र अंतिम बांधकाम ठरविलेच नाही. समुद्रपातळी अमुक मर्यादेस पोहोचू लागली की अमुक उपाय, तो उभारण्यास लागणारी वर्षे वजा जाता निर्णय केव्हा घ्यावयाचा, आणि त्यासाठी कोणती जमीन आजच राखावयाची, अशी त्याची मांडणी आहे. दर दहा वर्षांनी सर्वंकष फेरआढावा घेतला जातो.

यातील जमिनीचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत अवघड आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी माहीमच्या खाडीत नेणाऱ्या मिठी नदीचे पात्र भरावाने व वस्तीने आवळले गेले. उदंचन केंद्राची क्षमता पुढेही वाढविता येते. बुजलेले पात्र मोकळे करावयाचे तर घरे हलवावी लागतात. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई हवामान कृती आराखड्यात पूर व जलव्यवस्थापन हा स्वतंत्र विभाग आहे.

वाढत्या शहरांच्या सीमेवरील ग्रामपंचायतींकडे ही जमीन अद्याप आहे. गावातील ओढे, जुनी तळी व पाणथळ जागा यांची गावनकाशावर खूण करून, बिनशेती परवानगीचा प्रश्न येण्यापूर्वीच त्यांची यादी तहसील कार्यालयाकडे व नियोजन प्राधिकरणाकडे देता येईल. कोणत्या साली पाणी कोठवर आले होते हे सांगणारी वडीलधारी माणसे गावात असतात. शाळेतील मुलांकडून त्या खुणा नोंदवून घेण्याचे काम शिक्षकांना सहज करता येण्याजोगे आहे.