‘रोमान्स’, ‘नॉव्हेल’ आणि आपली ‘कादंबरी’

प्रारंभीच्या मराठी कादंबरीचा विचार करताना ‘वास्तवाचा अभाव’ हा दोष आपली समीक्षा जवळजवळ सवयीने नोंदवीत आली आहे. हा दोष त्या कृतींचा की आपल्या संज्ञेचा, हे ठरविण्यासाठी ‘रोमान्स’ व ‘नॉव्हेल’ या इंग्रजी शब्दांतील अर्थभेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

‘रोमान्स’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. लॅटिनऐवजी लोकभाषेत रचलेले लेखन, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे त्या भाषेतील वीरकथांना तेच नाव मिळाले. ‘नॉव्हेल’चे मूळ इटालियन ‘नोव्हेला’ या शब्दात असून त्यात नावीन्याचा भाव आहे. क्लॅरा रीव्ह यांनी १७८५ साली ‘द प्रोग्रेस ऑफ रोमान्स’ या ग्रंथात दोहोंतील सीमारेषा आखली : समकालीन जीवनाचे व रीतिरिवाजांचे चित्र ते नॉव्हेल, जे घडले नाही व घडण्याचा संभवही नाही, त्याचे उदात्त वर्णन तो रोमान्स. नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी ‘द हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स’ (१८५१) या कृतीला प्रस्तावनेत जाणीवपूर्वक ‘रोमान्स’ म्हटले. त्यांच्या मते नॉव्हेलवर संभाव्यतेचे बंधन असते. रोमान्सला ती मोकळीक असली, तरी मानवी हृदयाच्या सत्यापासून ढळण्याची मुभा नसते. म्हणजे भेद सत्य-असत्याचा नसून सत्याच्या प्रकाराचा आहे.

मराठीत बाणभट्टाच्या कथेचे विशेषनाम सामान्यनाम झाले आणि ‘यमुनापर्यटन’ (१८५७) व ‘मुक्तामाला’ (१८६१) या भिन्न प्रकृतीच्या कृती एकाच नावाखाली आल्या. फ्रेंच व जर्मन भाषांतही दोन्ही प्रकारांना ‘रोमान’ हा एकच शब्द आहे. तेव्हा शब्द एक असणे हे वैगुण्य नव्हे. त्या एका शब्दाआड निकषही एकच मानला गेला, हे वैगुण्य होय. ‘सामाजिक’ व ‘ऐतिहासिक’ ही आपली रूढ विभागणी विषयानुसार आहे. तीमुळे ही उणीव भरून निघत नाही.

‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी आपली निवड स्पष्ट केली आहे. आपल्या नित्याच्या जीवनात मनोवेधक असे फारसे नसल्याने रंजक ग्रंथासाठी अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही वास्तवाविषयीची अनभिज्ञता नव्हे. हा जाणतेपणाने केलेला त्याग आहे.

अर्थात ‘रोमान्स’ म्हटल्याने कोणतीही कृती निर्दोष ठरत नाही. हृदयाच्या सत्याच्या कसोटीवर ‘मंजुघोषा’ कदाचित उणीही ठरेल. परंतु ती कसोटी तिला लावून पाहिल्यावाचून दिलेला निर्णय न्याय्य म्हणता येणार नाही.