घराची निरवानिरव

पाठ : यशया ३८ व ३९, २ राजे २१:१-९, मत्तय ५:२३-२४



हिज्कीया राजा दुखण्याने मरणास टेकला असता, त्याने आपल्या घराची निरवानिरव करून ठेवावी असा प्रभूचा निरोप यशया संदेष्ट्याने त्यास कळविला. राजाने भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली, तो फार रडला, आणि त्याच्या आयुष्याची १५ वर्षे वाढविण्यात आली. आपल्या मंडळ्यांत ही कथा रोग्याच्या उशाशी पुष्कळदा वाचली जाते व तेथेच सोडली जाते. पुढचा अध्याय सहसा कोणी उघडीत नाही.

पुढे बाबेलचे वकील समाचारास आले. त्यांना राजाने सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये व शस्त्रागार ही सर्व दाखविली. ज्याने त्यास मरणातून उठविले त्या देवाविषयी तो एक शब्द बोलल्याचे तेथे लिहिलेले नाही. त्याच्यामागून मनश्शे गादीवर बसला तेव्हा तो १२ वर्षांचा होता. हिशेब केला तर हा मुलगा त्या वाढीव वर्षांतच जन्मला असे दिसते. बापाने मोडलेली उच्च स्थाने त्यानेच पुन्हा बांधली. मुलाच्या पापाचे सर्व ओझे बापावर घालणे न्यायाचे होणार नाही. तथापि वाढवून मिळालेला काळ कोठे खर्चिला, हा प्रश्न राहतोच.

आता आपल्या ओळखीच्या वाटेवरील एक गोष्ट पाहा. सन १८९३ च्या सुमारास कवि नारायण वामन टिळक आगगाडीने नागपुराहून राजनांदगावास जात होते. तो लोहमार्ग आपल्या गोंदियावरूनच जातो. डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी प्रेमाने संभाषण करून नवा करार त्यांच्या हाती दिला. त्याजपाशी वेळ तो किती? काही स्टेशनांचा! तो पाऊसपाण्याच्या गप्पांत सहज निघून गेला असता. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. सन १९०० मध्ये त्याही ख्रिस्ताच्या झाल्या. सन १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला, आणि ता. ९ मे १९१९ रोजी त्यांचा अंत झाला. म्हणजे ज्या कामासाठी त्यांनी वेतनावर पाणी सोडले, त्यास दोनच वर्षे मिळाली. 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरेच राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

येथे विचार करण्याजोगे आहे. सर्व कामे उरकून मरणे कोणासच साधत नाही. परंतु काही कामे आपल्यामागे दुसऱ्यांस पुरी करता येतात, व काही येत नाहीत. अर्धवट राहिलेली भिंत मुलगा बांधील. भावाशी बांधावरून तुटलेले बोलणे मात्र आपल्यावाचून कोण जोडील? म्हणूनच प्रभूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जाण्यास सांगितले. आपल्या लेकराबरोबर गुडघे टेकणे, घेतलेले कर्ज पत्नीस प्रामाणिकपणे सांगणे, ही त्याच जातीची कामे होत.

धान पेरणाऱ्यांस हे कठीण वाटू नये. पऱ्हे साधारण २०-२५ दिवसांचे झाले की रोवणी आटोपावी लागते. ते जून झाले तर फुटवे कमी येतात. त्या दिवसांत सोयरिकीची बोलणी, बाजारहाट, पाहुणचार सारे आपण मागे टाकतो, व कोणी नावे ठेवीत नाही. बांधीतले हे शहाणपण घराच्या उंबऱ्याशीच का थांबावे?

मृत्युपत्र केल्याने मरण लवकर येते, अशी भीती आपल्यांतही अजून आहे. हिज्कीयास तर संदेष्ट्याने स्वतः सांगितले, आणि तो १५ वर्षे जगला! जमिनीचे कागद कोठे आहेत, कोणाचे किती देणे आहे, हे घरधनी धडधाकट असतानाच घरच्यांस ठाऊक असावे. पुढे सातबाऱ्यावर नाव चढविण्यासाठी विधवेने तलाठ्याकडे खेटे घालावे आणि मंडळीने तिच्यासाठी केवळ प्रार्थना करावी, हे मला शोभत नाही असे वाटते.

उपदेशक बंधूंस एक विनंती. रोग्याकडे जाल तेव्हा प्रार्थनेपूर्वी त्यास हळूच विचारावे की, कोणास बोलावून आणू काय? आणि हा पाठ घरोघरी वाचताना यशयाचे दोन्ही अध्याय एकाच बैठकीत वाचावे. ३८ व्या अध्यायावर थांबू नये.