टूल पोस्ट घेण्याआधी कामाची वही उघडा

घरच्या वर्कशॉपसाठी लेथ घेतला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, टूल पोस्ट कोणता घेऊ? साधा फोर-वे की क्विक चेंज?" यावर माझा उलटा प्रश्न असतो: तुमच्याकडे काम कसलं येतं?

समजा, किन्हवलीत घराच्या पडवीत तुम्ही छोटा लेथ टाकलाय. आजूबाजूला भातशेती. सकाळी पॉवर टिलरची पिन येते, दुपारी मोटारपंपाचं बुश, संध्याकाळी गिरणीचा शाफ्ट. प्रत्येक जॉबला टूल वेगळं. फोर-वेमध्ये टूल बदललं की टोक सेंटरला आणायला खाली पत्र्याच्या पट्ट्या नाहीतर हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे लावायचे. क्विक चेंजमध्ये प्रत्येक टूलचा होल्डर वेगळा असतो. उंची एकदा स्क्रूने सेट केली की होल्डर काढा, परत लावा, उंची तीच राहते.

आता हिशोब. पट्ट्या लावून टूल बदलायला समजा 4 मिनिटं, होल्डर बदलायला अर्धं मिनिट. दिवसाला 15 बदल धरले तर 52 मिनिटं वाचली. हे आकडे माझे; तुम्ही आठवडाभर घड्याळ लावून स्वतःचे मोजा.

पण मुरबाड एमआयडीसीतून एकाच मापाचे 200 स्पेसर मिळाले तर? टर्निंग, फेसिंग, चॅम्फर, पार्टिंग. चारही टूल फोर-वेवर एकदाच बांधायची आणि पोस्ट फिरवत राहायचा. इथे महागडा पोस्ट फारसा काही कमावून देत नाही. उलट फोर-वे दणकट असतो, छोट्या मशीनवर ते महत्त्वाचं.

आता माझी चूक ऐका. मी एकदा घाईघाईत मोठा क्विक चेंज उचलला. दुकानदार म्हणाला, "बसेल हो!" घरी आल्यावर होल्डर अगदी तळाला नेला तरी टूलचं टोक सेंटरच्या वरच! वर गेलेलं टूल नीट कापत नाही, घासतं. खाली राहिलं तर फेसिंग करताना मधोमध टिंब राहतं. पैसे अडकले, जॉबही थांबला.

म्हणून आधी कंपाउंड स्लाइडच्या वरच्या पृष्ठभागापासून सेंटरपर्यंतची उंची मोजा. समजा ती 25 मिमी आहे. टूल ज्यावर टेकतं ती जागा पोस्टच्या तळापासून 12 मिमी वर असेल तर 12 मिमीचं टूल 24 वर येतं, 1 मिमीची पट्टी लावली की झालं. 16 मिमीचं टूल मात्र 28 वर जातं, म्हणजे बसणारच नाही. क्विक चेंजला हीच बेरीज होल्डर सगळ्यात खाली असताना करायची. मधल्या स्टडची जाडीही लिहून घ्या.

सेंटर तपासायची सोपी युक्ती: मशीन बंद ठेवून गोल जॉब आणि टूलच्या टोकामध्ये स्टीलची पट्टी हलकेच धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला भाव काढायला जाल तेव्हा ही मापं खिशात असू द्या. आणि नुसत्या पोस्टचा भाव विचारू नका, सुट्या होल्डरचाही विचारा. खरा खर्च तिथेच वाढतो. चारपाच होल्डर तरी लागतातच.

पुढच्या भागात पार्टिंग टूल का तुटतं ते पाहू.