बालाघाटावरील खेडीं आणि त्यांचा खवा

भूगोलाच्या पुस्तकांत गांवाचें स्थान अक्षांश व रेखांश ह्यांनीं सांगतात. नकाशा काढणारास तेवढें पुरेसें असतें. परंतु त्या गांवांत राहणाऱ्या गृहस्थास त्याचा फारसा उपयोग नसतो. त्याच्या लेखीं गांवाचें स्थान म्हणजे बाजार किती दूर, दवाखाना किती दूर, शाळा किती दूर, आणि पावसाळ्यांत ओढा भरून वाहूं लागला म्हणजे ह्यांपैकीं कशाची वाट बंद होते, हें होय. खेड्यांतील माणूस काय विकतो, मुलांस किती शिकवितो आणि आजारीपणांत कोणाकडे धांव घेतो, ह्या सर्व गोष्टींवर ह्या अंतराची छाप असते. प्रस्तुत लेखांत आपण आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर भागांतील खेड्यांचा ह्या दृष्टीनें थोडा अभ्यास करूं.

धाराशिव जिल्ह्याचे (२०२३ पर्यंत सरकारी दप्तरीं ह्याचें नांव उस्मानाबाद असें होतें) आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परांडा. ह्यांपैकीं भूम व वाशी हे तालुके उत्तर व वायव्य दिशांस, बीड जिल्ह्यास लागून, बालाघाटाच्या डोंगराळ पठारावर वसले आहेत. हें पठार म्हणजे एक मोठा पाणलोट आहे. त्याच्या पश्चिम उतारावरील पाणी सीना नदीस मिळून भीमेच्या द्वारें कृष्णेंत जातें. पूर्वेकडील पाणी मांजरेस मिळून गोदावरींत जातें. एकाच डोंगरावर शेजारीं शेजारीं पडलेले पावसाचे दोन थेंब दोन महानद्यांच्या वाटेनें शेकडो कोस फिरून अखेरीस बंगालच्या उपसागरास मिळतात! हें दृश्य मनोहर खरें, परंतु शेतकऱ्यास त्याचा अर्थ वेगळा आहे. पाणी दोन्ही बाजूंनीं वाहून जातें. माथ्यावर फारच थोडें राहतें. जमीन पुष्कळ ठिकाणीं हलकी व मुरमाड, आणि सारा प्रदेश पर्जन्यछायेंतला. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या अजून स्मरणांत आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ ह्या वर्षांची टंचाई तर तरुणांनींही भोगली आहे. उलट २०२५ च्या सप्टेंबरांत ह्याच भागांत अतिवृष्टि होऊन शेतें व गुरें वाहून गेलीं.

दळणवळणाचा इतिहासही ध्यानांत घेण्यासारखा आहे. बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद रुळांची आगगाडी १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ पर्यंत येडशी, ढोकी ह्या मार्गानें लातुरास पोंचली. पुढें तेथें रुंद रूळ आले. परंतु भूम व वाशी हे तालुके ह्या मार्गाच्या उत्तरेस राहिले आणि आजही तेथून आगगाडी जात नाहीं. सोलापूर-धुळें हा राष्ट्रीय महामार्ग तेरखेडा, पारगांव, सरमकुंडी अशा गांवांवरून जातो. त्यामुळें रस्त्याकांठच्या गांवांचें दैव उघडलें. परंतु महामार्ग सोडून डोंगराकडे वळलें कीं अंतर पुन्हां आपला अधिकार गाजवूं लागतें.

येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. खरिपांत सोयाबीन, उडीद व तूर, आणि रब्बींत ज्वारी व हरभरा हीं मुख्य पिकें. पाऊस चुकला कीं पीक चुकतें; म्हणून शहाणा कुणबी सर्व भार शेतावर टाकीत नाहीं. तो शेळ्या पाळतो. ह्या जिल्ह्याच्या जुन्या नांवावरून प्रसिद्ध झालेली उस्मानाबादी शेळी बहुधा काळी, काटक, थोड्या चाऱ्यावर तग धरणारी आणि पुष्कळदां एका वेतांत दोन करडें देणारी असते. अडचणीच्या प्रसंगीं एखादी शेळी आठवड्याच्या बाजारीं नेली कीं हातीं रोकड येते. ती गरिबाची पेढीच होय. परंतु घराला रोजचा आधार देतें तें दूध, आणि येथेंच अंतराचा प्रश्न उभा राहतो.

दूध हा नाशिवंत पदार्थ आहे. उन्हाळ्यांत तें कांहीं तासांतच नासतें. जेथें दूध थंड करण्याची सोय जवळ नाहीं आणि संकलनाची गाडी वेळेवर पोंचत नाहीं, तेथें दूध भरपूर असूनही त्याची किंमत शून्य! ह्या अडचणींतून बालाघाटावरील लोकांनीं जो मार्ग काढला तो म्हणजे खवा. दूध आटवून त्यांतील बहुतेक पाणी काढून टाकावें, म्हणजे वजन घटतें आणि टिकाऊपणा वाढतो. सुमारे पांच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा होतो. गाईचें दूध थोडें अधिक लागतें. शंभर लिटर दूध वाहून नेण्यास गाडी हवी. त्याचाच वीस किलो खवा एक मनुष्य दुचाकीवर सहज नेतो. दूध सायंकाळपर्यंत नासेल. खवा नीट ठेवला तर पुण्या-मुंबईपर्यंत सुखानें जातो. अंतर तर कमी करतां येत नाहीं. तेव्हां तें सहन करूं शकेल असा माल तयार करावयाचा, हा ह्या धंद्याचा मूळ विचार आहे.

खवा करण्याची कृति दिसण्यांत सोपी, परंतु करण्यांत कष्टाची आहे. रुंद कढईंत दूध घालून ती धगधगत्या भट्टीवर ठेवतात आणि लांब दांड्याच्या उलथण्यानें तें एकसारखें ढवळतात. हात क्षणभर थांबला तर दूध तळाला लागतें आणि साऱ्या घाण्यास करपट वास येतो. आटतां आटतां दूध दाट होतें, कडा सोडूं लागतें आणि शेवटीं त्याचा गोळा बनतो. उन्हाळ्याच्या दुपारीं भट्टीजवळ उभें राहून हें काम करणाऱ्याचे श्रम पेढा खाणाऱ्यास सहसा आठवत नाहींत.

विद्यार्थिमित्रांनो, येथें आपल्या विज्ञानाच्या पुस्तकाचा उपयोग करून पाहूं. एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु तेंच उकळतें पाणी वाफ होऊन निघून जाण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट! दुधास पाण्याइतकीच उष्णता लागते असें धरलें, तर पांच लिटर दूध तापविण्यास ३५० आणि त्यांतील सुमारे चार लिटर पाणी उडवून देण्यास २,१६० मिळून एक किलो खव्यास अडीच हजार किलोकॅलरी हव्यात. एक किलो वाळक्या लांकडांत सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. हिशेबानें पाऊण किलो लांकूड पुरावें. परंतु उघड्या भट्टींतील बहुतेक उष्णता धुराबरोबर व भोंवतालच्या हवेंत निघून जाते. त्यामुळें प्रत्यक्षांत कित्येक पट लांकूड जळतें.

हें लांकूड येतें कोठून? बांधावरील बाभळींपासून आणि डोंगरांवरील झाडोऱ्यांतून. झाडें गेलीं कीं उतारावरची माती वाहून जाते, पाणी मुरत नाहीं, विहिरी लवकर आटतात, चारा कमी होतो. आणि चारा कमी झाला कीं म्हैस विकावी लागते. ज्या धंद्यानें गांव तगलें त्याच धंद्याच्या धगीनें गांवाचा पाया पोखरला जावा, हें दुःखद आहे. अलीकडे कांहीं ठिकाणीं विजेवर आणि सौरऊर्जेवर चालणारीं खवा करण्याचीं यंत्रें आलीं आहेत. तीं ढवळण्याचें काम स्वतःच करतात, आणि त्यांना लांकूड लागत नाहीं. परंतु त्यांस आरंभीं मोठें भांडवल लागतें; म्हणून दहा-वीस कुटुंबांनीं एकत्र येऊन तीं घेणें हाच गरिबास परवडणारा मार्ग दिसतो.

ह्या भागाच्या खव्यास नांव मिळालें तें कुंथलगिरीमुळें. भूम तालुक्यांतील हें जैनांचें सिद्धक्षेत्र असून देशभूषण व कुलभूषण ह्या मुनींचें निर्वाण येथें झालें अशी श्रद्धा आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनीं १९५५ सालीं सल्लेखनाव्रतानें देह ठेवला तोही येथेंच. दूरदूरचे यात्रेकरू येथें येतात आणि जातांना पेढे घेऊन जातात. महामार्गावर सरमकुंडीस प्रवासी थांबतात तेही पेढ्यांसाठीं. कुंथलगिरीच्या खव्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ह्याचा अर्थ असा कीं, त्या नांवाचा उपयोग आतां वाटेल त्या ठिकाणच्या मालास करतां येत नाहीं. मान मोठा खरा. परंतु त्याचें फळ गोठ्यांत राबणाऱ्या बाईपर्यंत पोंचतें कीं मधल्या हातांतच राहतें, हें पाहिलें पाहिजे. ज्यानें म्हैस घेण्यासाठीं भट्टीवाल्याकडून पैसे उचलले, त्यास त्याच भट्टीवर दूध घालावें लागतें आणि तो देईल तो भाव घ्यावा लागतो. तेथें मानपत्राचा उपयोग थोडा. स्वतःची सहकारी संस्था आणि चोख हिशेब ह्यांचाच उपयोग अधिक.

खव्याची खरी किंमत समजण्यास दुसरें एक चित्र पाहिलें पाहिजे. दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतून आणि त्याच्या शेजारच्या ह्या तालुक्यांतून पुष्कळ कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊंसतोडीस साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. मनुष्यास हत्याराचें नांव पडतें, ह्यांतच त्या कामाचें स्वरूप आलें. घरें कुलूपबंद होतात; मागें राहतात तीं म्हातारी माणसें. मुलें एक तर आईबापांबरोबर उसाच्या फडांत जातात, नाहीं तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहून शिकतात. परंतु ज्या घरीं दुभतीं जनावरें आहेत, तेथें कोणास तरी राहावेंच लागतें. म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते. ती कोणाची वाट पाहत नाहीं. अशा घरचें मूल शाळेंत टिकण्याची आशा अधिक. मात्र त्या मुलाच्या हातीं पाटीऐवजीं उलथणें देऊं नये, एवढी दक्षता आईबापांनीं घेतली पाहिजे.

आतां सोयींचा विचार करूं. माल आटवून अंतर जिंकतां येतें. परंतु डॉक्टर, शिक्षक आणि औषध हे कांहीं आटवितां येत नाहींत. ते गांवाजवळ आणावे लागतात. सरकारी नियमाप्रमाणें सपाट प्रदेशांत ३०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० वस्तीस एक उपकेंद्र असावें. हा नियम माणसें मोजतो, वाट मोजीत नाहीं. दाट वस्तीच्या भागांत ५,००० माणसें एकाच गांवांत सांपडतात. विरळ वस्तीच्या पठारावर तेवढीं भरावयास कित्येक वाड्या-वस्त्या एकत्र कराव्या लागतात, आणि शेवटच्या वस्तीवरील गरोदर स्त्रीस उपकेंद्र आपोआपच दूर पडतें. गांवची आशा कार्यकर्ती आणि २०१४ पासून सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ह्यांनीं पुष्कळ प्राण वांचविले. परंतु रुग्णवाहिकेसही रस्ता लागतोच.

उलट शिक्षणाचा नियम पहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनीं पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी असें ठरविलें. हा नियम वाट मोजतो. म्हणूनच लहानशा वस्तीवरही जिल्हा परिषदेची शाळा दिसते. परंतु वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्या असा विचार महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं पुढें मांडला. त्यामागें मुलांस अधिक शिक्षक व अधिक साधनें मिळावीं हा हेतु सांगितला गेला, आणि तो चुकीचा नव्हे. परंतु सहा वर्षांच्या मुलास ओढा ओलांडून चार किलोमीटर जावें लागलें, तर त्या साधनांचा लाभ त्यास किती दिवस मिळेल? आठवीच्या पुढें तर हा प्रश्न आजही आहेच. मुलींस एस. टी. चा पास विनामूल्य मिळतो, ही सोय फार मोलाची. परंतु गाडी शाळेच्या वेळीं आली नाहीं तर पास दप्तरांतच राहतो, आणि मुलगी घरीं राहते.

ह्या सर्व विवेचनाचें सार इतकेंच कीं, दूरच्या खेड्यांतील लोक आळशी किंवा अडाणी म्हणून मागें पडले ही समजूत चुकीची आहे. त्यांच्या हातीं जें होतें तें त्यांनीं बुद्धीनें केलें; नासणाऱ्या दुधाचा टिकाऊ माल केला आणि तो दूरच्या शहरांपर्यंत पोंचविला. जें त्यांच्या हातीं नाहीं, म्हणजे रस्ता, दवाखाना, वरची शाळा, तें समाजानें व सरकारनें करावयाचें आहे. आणि तें करतांना माणसांबरोबर वाटही मोजली पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत आपापल्या गांवाचा असा एक तक्ता करावा. एका बाजूस दवाखाना, वरची शाळा, आठवड्याचा बाजार, पशुवैद्य, बँक व एस. टी. चा थांबा हीं नांवें लिहावीं; दुसऱ्या बाजूस तेथें पोंचण्यास लागणारा वेळ, एकदां उन्हाळ्यांतील व एकदां पावसाळ्यांतील, असा दोनदां मांडावा. वडील मंडळींनीं ह्या कामीं मुलांस साहाय्य करावें आणि तो तक्ता ग्रामसभेंत वाचून दाखवावा. तक्रार करणारास पुष्कळदां कोणी विचारीत नाहीं. परंतु नीट मांडलेले आंकडे समोर ठेवले म्हणजे उत्तर द्यावेंच लागतें.